टोपीवरली लाल रिबीन

महारुद्र रायंदराला त्याच्या बापाकडून दोनच गोष्टी मिळाल्या, एक खाकी सदरा आणि एक नियम. सदरा केव्हाच विरला, त्याच्या जागी दुसरा आला, दुसऱ्याच्या जागी तिसरा. नियम तेवढा टिकला. सोंग कितीही फर्मास वठवा, पण त्यात एक खोट ठेवायची, हा तो नियम. खोट उघडी पाहिजे, आंधळ्यालासुद्धा दिसावी अशी. डॉक्टर झालात तर नळी कानाला न लावता नाकाला लावायची. वकील झालात तर काळ्या कोटाच्या खिशातून मुळा डोकावला पाहिजे. आणि पोलीस झालात तर टोपीवर लाल रिबीन, शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तसली, फुलासकट.

"जगात सोंगं करणारे लय हायेत," म्हातारा सांगायचा. "अंगात आलंय म्हणून कोंबडं खातो तो भोंदू. दुखत नसून कण्हतो तो ढोंगी. गोड बोलून खिसा कापतो तो ठक. आन् दुसऱ्याचं नाव सांगून लोकाच्या घरात शिरतो तो तोतया. आपण बहुरूपी. त्या समद्यात आन् आपल्यात फरक तेवढा ह्या रिबिनीचा. आपण सांगून फसवतो, बाबा."

म्हातारा बोलायचा असा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा दारोदार पीठ मागत नाही, मठ चालवतो. पण त्याचा शब्द महारुद्रानं कधी मोडला नाही. केस पांढरे झाले, मिशीला काळा रंग लावायची पाळी आली, तरी रिबीन टोपीवर होती.

बहुरूप्यांची, म्हणजे रायंदरांची, गावं वाटून घेतलेली असतात. महारुद्राच्या वाट्याची गावं येलदरीकडची. वर्षातून एकदा तिकडं फेरी, की लोक स्वतःहून म्हणायचे, "रायंदर आला रे, लपवा कोंबड्या." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि सुपानं जवारी घालायच्या. पण दोन सालांमागं कुणाच्या तरी मोबाईलवर आलं, की पोरं पळवणारी टोळी वेश बदलून फिरायलीय. झालं. ज्यांच्या बापजाद्यांनी ह्याच्या बापजाद्यांना जेवू घातलं, त्यांनीच काठ्या काढल्या. महारुद्राचा दात पडला, बायकोच्या, केशरबाईच्या, हातावर काठी बसली. तेव्हापासून त्यांनी ती गावं सोडली आणि यंदा पाल टाकलं ते पाथरीच्या बाजूला, कालव्याच्या अंगाला, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मुलगा संभाजीनगरला कंपनीत होता आणि बाप काय करतो, हे तो तिथं कुणाला सांगत नव्हता.

दस्तूर म्हणून महारुद्र आधी बाजारच्या गावातल्या चौकीत हजेरी द्यायला गेला. खाकी घालून, रिबीन लावूनच गेला. जमादाराला त्यानं दम दिला, "किती दिवस झाले तुमी मला सलाम ठोकला न्हाई, सस्पेंड करू का?" जमादार पोट धरून हसला, त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "फिर बाबा. फक्त कुणाला खरंच घाबरवू नको."

कापूस वेचणीचे दिवस होते. तिकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. गोठा, दोन खोल्या, पुढं अंगण, आणि चहूकडं रान. असाच एक आखाडा कालव्याला लागून होता. महारुद्र अंगणात शिरला, काठी आपटली आणि आवाज चढवला.

"घरात कोण हाय? बाहेर या. वारंट हाय. तुमच्या म्हशीनं कालव्याचं पाणी बिगर पावतीचं पिलंय. म्हशीला घेऊन चौकीला चला, नसता मालकाला दावणीला बांधावं लागंल."

ह्यावर कुणीही हसतं. आतून एक बाई आली ती हसली नाही. पंचविशीची असेल. डावा डोळा सुजून बंद झालेला, ओठाला खपली. ती पाहत राहिली आणि मग सरळ येऊन तिनं त्याचे पाय धरले.

"आलाव का साहेब," ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुमाला? दवाखान्याच्या आशाताईनं सांगितलं ना?"

महारुद्राच्या आयुष्यात लोक त्याला हसले होते, त्यांनी पीठ घातलं होतं, अंगावर कुत्रं सोडलं होतं. पाय कुणी धरले नव्हते.

"अवो बाई, उठा. वर बघा," तो म्हणाला. तिनं टोपीकडं बघावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण ती वर बघेना. कपाळ त्याच्या बुटावर टेकवून ती बोलत सुटली. तिचं नाव सविता. माहेर राणीसावरगाव, पार गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडं. नवरा बालाजी. सासू-सासरे गावात थोरल्याकडं, इथं रानात ही दोघंच. पिऊन आला की मारतो, न पिता आला तरी मारतो. "परवा कालव्याच्या कडंला नेऊन उभं केलं साहेब. मनले, ढकलून देतो, चिखलात पाय घसरला म्हणून सांगतो, कोण इचारतंय. ते मला मारून टाकतेत साहेब. आज न्हाई तर उद्या."

आता सांगायलाच पाहिजे होतं. महारुद्रानं तोंड उघडलंही. तेवढ्यात बांधावरून फटफटीचा आवाज आला आणि सविताचं सगळं अंग आकसलं. तिनं पाय सोडले, भिंतीला पाठ लावली, सुजलेल्या डोळ्यावर पदर ओढला. तिचं ते आकसणं बघून महारुद्राच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं टोपी काढली, रिबीन सोडली, खिशात कोंबली आणि टोपी परत डोक्यावर बसवली. बापाला आठवण्याइतकी फुरसत त्याला नव्हती. असती तरी त्यानं आठवलं नसतं.

बालाजी उतरला तो खाकी बघून जागीच गार पडला. तिशीचा गडी, मनगटात कडं, गळ्यात सोन्याची साखळी. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "साहेब, लायटीच्या तारेवर आकडा मी टाकला न्हाई. शेजारच्यानं टाकलाय."

"आकड्याचं नंतर बघू," महारुद्र म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला. ओरडायची गरज पडली नाही. "नाव?"

"बालाजी."

"बायकोचा डोळा कशानं सुजला, बालाजी?"

बालाजीनं खाली बघितलं. एवढा मोठा बाप्या, पण खाकीपुढं शाळेतलं पोर झाला. महारुद्रानं त्याला कान धरायला लावले. त्यानं धरले. अंगणात, बायकोसमोर. "मी ह्या वाटंनं येत ऱ्हाणार. तिच्या अंगावर वळ दिसला, तर तुला उचलून न्हेतो. जामीन द्यायला तुझा बाप आला तर त्येला बी ठिवून घेतो. समजलं का?"

"समजलं साहेब."

सविता भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

महारुद्र पीठ न मागताच निघाला. कालव्याच्या बांधावरून ताठ मानेनं चालला. समोरून आलेला एक सायकलवाला उतरून बाजूला उभा राहिला, त्यानं नमस्कार केला, आणि महारुद्रानं काठी कपाळाला लावून तो घेतला. खोटं कशाला बोला, त्याला लय बरं वाटलं. साठी जवळ आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत. त्या दिवशी तो फार सुखी होता.

पालावर केशरबाई चूल पेटवून बसली होती. "पीठ कुठंय?" तिनं विचारलं. त्यानं घडलेलं सांगितलं, जरा मीठमिरची लावूनच. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "रिबीन कुठंय?"

"खिशात."

"मंग तुमी आज रायंदर नव्हता. तुमच्या बापाच्या भाषेत तुमी कोण झालाव, ते मव्ह्या तोंडानं कामून वदवताव?"

"एका बाईचा जीव वाचवला मी, केशर."

"वाचवला का टांगून ठिवला, ते कळंल. तिला खरं सांगा. तिच्या माहेराला कळवा. आपल्या हातात काय हाय वो? लाकडाची काठी हाय."

महारुद्र चिडला. बाईमाणसाला काय कळतं, असं तो पुटपुटला. ज्या बाईनं येलदरीला त्याच्या डोक्यावर येणारी काठी आपल्या हातावर घेतली, तिला तो असं म्हणाला.

पुढच्या बाजारानंतर तो परत त्या आखाड्यावर गेला. रिबीन खिशातच होती. सविताचा डोळा उतरला होता, केस विंचरलेले होते. तिनं बाज टाकली, त्यावर वाकळ अंथरली आणि साखर जास्त घालून चहा दिला. बालाजी गोठ्यात होता, त्यानं लांबूनच हात जोडले आणि वैरण कापायला लागला.

"लय फरक पडलाय साहेब," ती हळूच म्हणाली. "हात उचलला न्हाई त्येनी. मव्हा दादा न्यायला येणार होता राणीसावरगावहून. जीप बी ठरवली होती त्येनं. मीच नको मनलं. मनलं, दादा, इथं एक साहेब हायेत, देवमाणूस. आता मला भ्या न्हाई. तू कापूस इकून ये निवांत."

महारुद्राच्या एका सोंगापायी ह्या बाईनं ठरवलेली जीप रद्द करायला लावली होती. देवानं त्याला आणखी कसं सांगायचं होतं? त्यानं बशी खाली ठेवली. आता सांगतो, असं मनाशी म्हणाला.

"साहेब, तुमचं नाव काय? दादा इचारत होता," ती म्हणाली. आणि असं तोंड करून बघितलं, जसं लेकरू जत्रेत बापाकडं बघतं.

"दिनकरराव," महारुद्र म्हणाला.

त्याच्या लहानपणी एक फौजदार होता त्या नावाचा, घोड्यासारखा उंच. महारुद्राच्या बापानं त्याचंच चालणं उचललं होतं. नाव जिभेवर आलं आणि निघून गेलं. आता तो पुरता तोतया झाला होता, दुसऱ्याचं नाव सांगून दुसऱ्याच्या बाजेवर चहा पिणारा. सविता "दिनकरराव साहेब, दिनकरराव साहेब" असं पुटपुटली, विसरू नये म्हणून. शेजारच्या आखाड्यावरली चांगुणाबाई ताक घ्यायला आली होती, तिलाही तिनं सांगितलं, "हे बघा आमचे दिनकरराव साहेब." चांगुणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

तिथून पुढं तो दर फेरीत तिथं जाऊ लागला. रोज सकाळी केशरबाई विचारायची, "आज सांगणार ना?" आणि रोज तो म्हणायचा, "हाव." मग एक दिवस ती विचारायची थांबली.

पण रिबिनीशिवाय पोट भरत नाही. खऱ्या साहेबाला कोण जवारी घालतं? म्हणून बाजारच्या दिवशी महारुद्र रिबीन लावून उभा राहायचा, भाजीवाल्यांच्या रांगेत, वांग्यांवर वारंट बजावत. त्या दिवशी चांगली गर्दी जमली होती. एका म्हातारीला तो म्हणत होता, "तुमच्या मेथीला जामीन मिळणार न्हाई," आणि लोक खिदळत होते. त्या हसण्यात एक हसणं बाकीच्यांपेक्षा लांबलं. महारुद्रानं मान वळवली. बालाजी उभा होता.

तो रागावला नाही, हेच वाईट झालं. त्यानं रिबिनीकडं बघितलं, मिशीकडं बघितलं, काठीकडं बघितलं आणि डोळ्यात पाणी येईस्तोवर हसला. मग पुढं आला, खिशातून एक नोट काढून टोपीवरच्या फुलात खोवली आणि महारुद्राच्या गालावर थापटी मारली.

"दिनकरराव साहेब," तो म्हणाला, "आकड्याचं बघायचं ऱ्हायलं की आपलं."

लोकांना वाटलं हाही सोंगाचाच भाग. ते आणखी हसले. बालाजी फटफटीकडं गेला नाही. तो दारूच्या दुकानाकडं वळला, अगदी सावकाश, ज्याला कसलीही घाई नाही अशा माणसासारखा.

महारुद्र पळत सुटला. एका दूधवाल्यानं त्याला अर्ध्या वाटेपर्यंत गाडीवर घेतलं, पुढं तो बांधानं धावला. आखाड्यावर सविता अंगणात शेण सारवत होती. त्याला बघून ती हसली आणि हात धुवायला उठली.

"चहा नको बाई," तो धापा टाकत म्हणाला. "ऐक. मी साहेब न्हाई. मी दिनकरराव बी न्हाई. मी बहुरूपी हाय, रायंदर. पोट भरायला सोंगं करतो. त्येला कळलंय आता. चल, निघ इथून."

सविताचं हसू तसंच राहिलं, नुसतं थिजलं. मग बोलली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा कडवटपणा आला.

"किती दिले त्येनं तुमाला?"

"काय?"

"दिले असतील. पोलीस हायेत तुमी, घेतलं असंल. पण साहेब, असं खोटं तरी बोलू नका. सरळ सांगा की, आता येणार न्हाई म्हणून."

अरे देवा. खोटं सांगितलं तेव्हा तिनं पाय धरले होते, आणि खरं सांगितलं तर तिला तो विकला गेलेला वाटला. तिला लाचखाऊ साहेब चालत होता, साहेबच नसणं चालत नव्हतं. महारुद्राकडं एकच पुरावा होता. त्यानं रिबीन सारखी केली, काठी आपटली आणि पहिल्या दिवशीचं सोंग सुरू केलं.

"घरात कोण हाय? बाहेर या. वारंट हाय. तुमच्या म्हशीनं कालव्याचं पाणी बिगर पावतीचं पिलंय…"

आवाज फाटला, तरी त्यानं शेवटपर्यंत म्हटलं. म्हशीला चौकीला न्यायचं, मालकाला दावणीला बांधायचं, सगळं. डोळे कपाळात नेले, पोट पुढं काढलं, टाचा आपटून सलाम ठोकला. सविता फुलासकट त्या लाल रिबिनीकडं बघत होती. तिला ते आज दिसलं.

"आमच्या गावात बी यायचा एक," ती शेवटी म्हणाली. "वकील व्हायचा. आमी पोरी लय पळायचो त्येच्या मागं." मग तिनं विचारलं, "मंग मव्हा साहेब कुठंय?"

महारुद्र म्हणाला, "चल माझ्यासंगं. पालावर मव्ही बायको हाय. ती तुला राणीसावरगावला नेऊन सोडंल."

"रायंदराच्या मागं पालावर गेले, तर त्येला तेवढंच कारण पुरंल. दादाला बी पुरंल, मला दारात न घ्यायला." तिनं शेणाचे हात पदराला पुसले, पदर खराब होतोय ह्याचं तिला भान नव्हतं. "दादाला मीच जीप नको मनलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

ती आत गेली आणि तिनं कडी लावली. महारुद्र दाराला तोंड लावून म्हणाला, "मी चौकीला जातो. खऱ्या पोलिसाला घिऊन येतो. तवर दार उघडू नको."

आतून ती म्हणाली, "खरा कसा वळखू मी आता?"

शेजारच्या रानात चांगुणाबाई कापूस वेचत होती. रिबीन त्यानं सविताच्या अंगणातून निघताना ओढून काढली होती. "बाई, सविताकडं ध्यान ठिवा जरा," तो म्हणाला. चांगुणाबाईनं पदर सारखा केला. "तुमी असल्यावर आमी कशाला मधी पडावं साहेब," ती म्हणाली आणि बोंड खुडायला वाकली.

खाकी घालून तक्रार द्यायला गेलो तर आधी आपल्यालाच आत टाकतील, म्हणून तो पालावर जाऊन कपडे बदलून आला. पांढरा सदरा, धोतर, मिशीचा रंग धुतलेला. त्यात वेळ गेला तो गेलाच. चौकीत जमादार शेंगा फोडत बसला होता. महारुद्राला बघून त्याचा चेहरा खुलला.

"या या. आज कुणाचं सोंग? धोतरबितर?"

"सोंग न्हाई साहेब. एक बाई मरायलीय."

"वा," जमादार म्हणाला आणि आतल्या दोघांना त्यानं हाक मारून बाहेर बोलावलं. महारुद्र सांगू लागला. आखाडा सांगितला, सुजलेला डोळा सांगितला, कालव्याची कड सांगितली. सांगता सांगता त्याला रडू आलं. त्यातला एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "बघ की, पाणी बी खरं आणलंय डोळ्यात." दुसऱ्यानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. जमादारानं सदऱ्याच्या खिशातून नोट काढून महारुद्राच्या हातात कोंबली. आणि काय सांगावं त्या हाताचं, बिदागी मिळाली की सलाम ठोकायचा, हे त्याला बापानं शिकवलेलं. हात आपोआप कपाळाला गेला. सगळे हसले.

"साहेब, पाया पडतो," महारुद्र म्हणाला. "हे खरं हाय. मी वर्दी घालून त्येच्या घरी गेलो होतो. त्येला दम दिला होता. म्हणून आता तो तिला सोडणार न्हाई."

जमादाराचं हसू ओसरलं. त्यानं शेंगांची टरफलं बाजूला सारली. "म्हंजे वर्दी घालून, पोलीस हाय म्हणून, तू लोकाच्या घरात शिरलास?" त्यानं शांतपणे विचारलं. "नाव बी सांगितलं असशील एखादं."

"दिनकरराव."

"हा गुन्हा हाय रायंदरा. तुला इथंच बसवावं लागंल. बायको एकटी पालावर. येलदरीला काय झालं होतं, तूच सांगितलं होतंस मला." तो पुढं झुकला. "एकदाच इचारतो. खरं म्हणतोस, का सोंग होतं हे?"

एवढी संधी पुष्कळ होती. "खरं," एवढं म्हणायचं होतं. हा आत बसला असता, पण गाडी आखाड्यावर गेली असती. महारुद्राच्या डोळ्यांपुढं केशरबाईचा वाकडा झालेला हात आला, काठ्या आल्या, पालावर चढून आलेले लोक आले. आणि त्याला भीती वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

"सोंग होतं साहेब," तो म्हणाला.

"मग अशी मस्करी करू नको परत," जमादार म्हणाला आणि त्यानं पुढची शेंग उचलली.

पालावर येऊन त्यानं केशरबाईला सगळं सांगितलं, ह्या वेळी काही न लपवता. तिनं चुलीवर पाणी ओतलं, पायात चपला घातल्या आणि पुढं चालू लागली. काही नाही तर दोघं मिळून दारात बसू, असं तिच्या मनात असावं. दिवस कलला होता, रानात अजून चांगला उजेड होता. कालव्याच्या वळणावर आले आणि माणसं दिसली.

सविताला वर काढून बांधावर निजवलं होतं. अंगावर कुणीतरी धोतर टाकलं होतं, पाय तेवढे बाहेर होते, त्यांना चिखल लागलेला. सारवण्याचं शेण अजून तिच्या नखांत होतं. बालाजी तिच्या उशाशी बसून ऊर बडवत होता. "पाय घसरला वो चिखलात. धुणं धुवायला आली होती माझी सविता. मी कालच मनलं होतं, कडंला जाऊ नको." माणसं त्याला धरत होती, पाणी पाजत होती. त्यानं मान वर केली, गर्दीत महारुद्राला बघितलं, चांगलं डोळ्याला डोळा भिडवून बघितलं, आणि त्याचं रडणं तसूभरही हललं नाही. महारुद्रानं आयुष्यभर हाच धंदा केला होता. त्या रडण्यात त्यानं कुठं तरी खोट शोधली. ती सापडली नाही.

"पोलिसाला कळवलं का?" कुणीतरी विचारलं.

"तिचे एक साहेब होते," चांगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "दिनकरराव साहेब. लय जीव होता त्येंचा हिच्यावर. दुपारीच सांगून गेले होते मला, ध्यान ठिवा म्हणून. त्येंना फोन लावा. नंबर कुणाकडं हाय का?"

नंबर कुणाकडं नव्हता. चांगुणाबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि तिची नजर धोतरातल्या पांढऱ्या मिशीच्या म्हाताऱ्यावर थांबली. तिनं त्याला ओळखलं नाही.

"पाव्हणे, तुमी वाटसरू दिसताव," ती म्हणाली. "चौकीकडून जाणार आसाल, तर दिनकरराव साहेबाला तेवढं सांगा. म्हणावं, सविता गेली."

केशरबाई दुसरीकडं बघत होती.

"हाव," महारुद्र म्हणाला. "सांगतो."